कुणाचाच नसलेला खोकला

बालाजी घाटाच्या पायरीवर उभी राहून हिमानी बाबांना हाका मारत होती, आणि समोर धुक्याशिवाय काहीही दिसत नव्हतं.

पौषातली सकाळ होती. गंगा जागेवर आहे, हे पायरीवर आपटणाऱ्या पाण्यामुळेच कळत होतं. बाबा रोजच्यासारखे स्नानाला उतरले, त्याला अर्धा तास होऊन गेला होता. 

"अहो बाबा! पुरे आता... वर या!"

उत्तर आलं, पण ते बाबांचं नव्हतं. पाण्यावरून आलं, आणि चांगलंच घाबरलेलं होतं. "दीदी! बोलती रहिए! चुप मत होइएगा, हम आप की आवाज पर आ रहे हैं!"

रामनगरहून निघालेली कुठलीतरी होडी धुक्यात वाट चुकली होती. आता, बोलत राहा म्हटल्यावर माणसाला नेमकं काही म्हणजे काही सुचत नाही. त्यातून हिमानीला त्या दिवसांत स्वतःच्या आवाजाचीच धास्ती बसलेली. तीनच दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तिला गळ्यातल्या गाठीबद्दल सांगितलं होतं. गाठ साधी आहे, पण आवाजाच्या नसेला चिकटून बसली आहे. महिन्याभरात काढावी लागेल. काढताना नस दुखावली तर आवाज जाऊ शकतो, आणि राहिलाच तर कसला राहील ते आत्ता सांगता येत नाही. मुलींच्या शाळेत हिंदी शिकवणारी, घरी आल्यावरही अखंड बडबडणारी ही मुलगी. घराबाहेर तिने यातलं एक अक्षर कुणाला कळू दिलं नव्हतं.

"दीदीऽऽ!"

आणि तिच्या तोंडून निघाले ते पाढे. लहानपणी शरदिनी आत्याने ज्या चालीवर घोकून घेतले होते, त्याच चालीवर, खड्या आवाजात. बावीसचा झाला, पंचवीसचा झाला. एकोणतीसच्या पाढ्यात ती अडखळत होती, तेवढ्यात धुक्यातून होडीचं टोक बाहेर आलं आणि पायरीला धडकलं. मल्लाह 'गंगा मैया' म्हणत कपाळाला हात लावत होता. त्याच्यामागून एक उंच तरुण उतरला. त्याच्या गळ्यात हेडफोन होता.

"दोनशे तीन," तो म्हणाला.

"काय?"

"एकोणतीस साते दोनशे तीन. तुम्ही दोनशे एक म्हणालात."

हिमानी बघतच राहिली. काशीत, अशा धुक्यात, नदीतून उगवलेला माणूस शुद्ध पुणेरी मराठीत तिची चूक काढत होता! "तुम्ही तिकडे बुडत होतात की पाढा तपासत होतात?"

"दोन्ही," तो म्हणाला, आणि मग खरं बोलला, "फार घाबरलो होतो हो. तुमचा आवाज थांबला असता ना... तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही."

हे वाक्य त्याने सहज म्हटलं. हिमानीच्या मात्र काळजात ते रुतून बसलं. बाबा शेजारच्या पायऱ्यांनी केव्हाच वर जाऊन तिलाच शोधत होते, ते नंतर कळलं.

त्याचं नाव निनाद. पुण्याहून सहा महिन्यांसाठी विद्यापीठात आला होता, त्यातले चार शिल्लक होते. काम ऐकाल तर हसाल. तो माणसाचा निव्वळ आवाज शोधत होता. भाषा, गाव, घर, संस्कार, सगळं खरवडून काढलं की खाली प्रत्येकाचा एक स्वतःचा आवाज उरतो, कुणी न शिकवलेला, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी तो जांभया, शिंका, उसासे आणि खोकले रेकॉर्ड करत हिंडायचा. रामनगरला एका वैद्यांकडे पहाटेपासून बसून त्याने बावीस रोग्यांचे खोकले आणले होते.

"आणि माझ्यात काय सापडणार?" हिमानीने विचारलं.

"तुमचा आवाज धुक्यातून आला. माणूस दिसण्याआधी आला." त्याने हेडफोन गळ्यातून काढला. "द्याल का रेकॉर्डिंग?"

ती हो म्हणाली. का म्हणाली, याची दोन कारणं होती. एक म्हणजे त्याचे डोळे. दुसरं कारण तिने त्याला सांगितलं नाही. आवाज जाण्याआधी तो कुठेतरी ठेवून द्यायचा होता तिला.

ब्रह्मा घाटावरच्या त्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात निनाद रोज संध्याकाळी चारला येऊ लागला. बाबा, म्हणजे गोपीनाथ गुरुजी, पुढच्या खोलीत विद्यार्थ्यांची वेदाची संथा घेत. मागच्या खोलीत खिडकीला रजई लावून निनादने आपला माइक मांडला होता.

"काही म्हणू नका. फक्त जांभई द्या."

हिमानीने जांभई दिली आणि सवयीने तोंडापुढे तीन चुटक्या वाजवल्या. निनादने कपाळावर हात मारला. "चुटकी कशाला?"

"जांभईला चुटकी वाजवतातच. आपण नाही वाजवत?"

शिंक आली, तर शिंकेच्या शेपटाला 'देवा' चिकटलेला. उसासा मागितला, तर 'हुश्श बाई'. शेवटी वैतागून त्याने तिच्या हाताला हळूच चिमटा काढला.

"आई गं!"

"आता आई कशाला आणली मध्ये?"

"मग काय तुमच्या मामांना आणू?" ती म्हणाली, आणि हसली. हसताना तोंडावर हात गेला. हसू सगळं नाकातून आलं.

निनाद हेडफोन काढून तिच्याकडे बघत राहिला. "असं दाबून का हसता?"

"आत्या म्हणायची, मुलीचं हसणं गल्लीत ऐकू जाता कामा नये."

"म्हणजे हसणंसुद्धा आत्याने दिलेलं?"

"बिल्कुल. पुण्यात काय आपापलं घेऊन जन्माला येतात?"

तो लाजला. हो, चक्क लाजला, कान लाल झाले त्याचे. दहाव्या दिवशी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते दोघांपैकी कुणी केलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. तो बोलता बोलता थांबायचा... ती वाक्य पुरं करायची. चहाचा कप देताना बोटाला बोट लागायचं आणि दोघंही एकदम हवामानावर बोलू लागायचे. हिमानीला आनंद व्हायचा, आणि आनंद झाला की लगेच भीती वाटायची. हा माणूस माझ्या आवाजाच्या मागे येतोय. उद्या तोच नसला तर हा कुणाच्या मागे येईल?

ऑपरेशनला नऊ दिवस राहिले असताना निनादला ती गंमत सापडली. गुरुजींची संथा त्याने रोज रेकॉर्ड केली होती. एका ठिकाणी, तिसऱ्या अनुवाकाच्या तोंडाशी, गुरुजी बारीकसे खाकरत. रोज तिथेच. त्यांचे विद्यार्थी म्हणायला लागले की तेही तिथेच खाकरत. आणि मुलींना शिकवत नसले, तरी भिंतीपलीकडून ऐकून पाठ झालेली हिमानी स्वयंपाक करताना तेच गुणगुणायची, तेव्हा तीसुद्धा तिथे खाकरायची.

त्याने गुरुजींना हे ऐकवलं. गुरुजी आधी खो खो हसले. "अरे, आमच्या गुरूंना दमा होता! तिथे पोचेपर्यंत त्यांचा श्वास संपायचा. ते खाकरायचे, आणि आम्ही मुलं... जसं तोंडातून येईल तसंच घ्यायचं, कानामात्रा बदलायची नाही, हे शिकवलेलं. आम्ही खाकरणंही घेतलं." मग त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "पन्नास वर्षं मी त्यांचा दमा म्हणत आलोय, निनादराव. आणि मुलांना शिकवत आलोय."

"आता बंद करणार?" हिमानीने विचारलं.

"छे! कसं बंद करू? गुरुजी आहेत त्यात."

निनाद त्या दिवशी लवकर गेला. त्याचा सगळा सिद्धांत एका खाकरण्याने खाली बसवला होता, असं हिमानीला वाटलं आणि तिने त्याला मनातल्या मनात चिडवूनही घेतलं. पण दुसऱ्या दिवशी तो आला तो पांढराफटक चेहरा घेऊन. माइक लावला नाही. हेडफोन तिच्या कानावर ठेवला.

"ऐक."

तिचाच आवाज होता. 'चुटकी वाजवतातच'... आणि मध्ये एक छोटासा कोरडा खोकला. मग दुसऱ्या दिवशीचं बोलणं, पुन्हा तोच. तिसऱ्या दिवशी दोनदा. काल नऊ वेळा.

"हा बाबांचा नाही," निनाद म्हणाला. "मी ताडून पाहिलं. तो त्या जागेवर येत नाही. आत्याबाईंना परवा फोनवर मुद्दाम बोलतं केलं, त्यांचाही नाही. तुझ्या शाळेत नाही, घाटावर नाही, रामनगरच्या बाविसांतही असा नाही. हा कुणीच शिकवलेला नाही, हिमानी. मी जे शोधत होतो ना, निव्वळ तुझं... ते हे आहे. मला आनंद व्हायला हवा होता." तो तिच्यासमोर बसला. "मला रात्रभर झोप नाही. काय झालंय तुला?"

हिमानीने हेडफोन काढून ठेवला. महिनाभर जे लपवलं ते या माणसाने तिच्या श्वासांच्या फटीतून शोधून काढलं होतं. मग तिने सगळं सांगितलं. गाठ, नस, तारीख. सांगताना ती खिडकीवरच्या रजईकडे बघत होती.

"आवाज गेला तर?" शेवटी तिने विचारलं.

निनाद घाबरला होता. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते पुढे करतो. तो म्हणाला, "तुझी सगळी रेकॉर्डिंग आहेत ना माझ्याकडे. एक शब्दही जाणार नाही."

बिचाऱ्याने धीर द्यायला म्हटलं. पण हिमानीला जे ऐकू आलं ते वेगळंच होतं. आवाज त्याच्यापाशी राहील, मग उरलेल्या हिमानीचं त्याला काय काम? ती "हं" म्हणाली, चहाचे कप उचलून आत गेली, आणि स्वयंपाकघरात पदराचा बोळा तोंडात धरून रडली.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर येताना कुणीतरी म्हणत होतं, "बोलिए, नाम बताइए अपना." तिने नाव सांगितलं. निघालं ते नाव नव्हतं. लाकडावर काहीतरी घासल्यासारखी खरखर होती ती. तिला वाटलं, शेजारच्या खाटेवरचं कुणी बोललं. मग कळलं, हा आपलाच आवाज. या आवाजात आत्या नव्हती, बाबा नव्हते, ब्रह्मा घाट नव्हता. कुणीच नव्हतं. निनादला हवा होता तो खरवडलेला आवाज म्हणतात तो हाच असणार, आणि तो इतका भयंकर असतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, नस तुटलेली नाही, दुखावली आहे. जागी होईल तीन महिन्यांत, किंवा नाही होणार. रोज थोडं थोडं बोलायचा सराव करा.

सराव घ्यायला निनाद येऊ लागला. तोच चारचा सुमार. गच्चीत ऊन असायचं, गळ्याला मफलर बांधून हिमानी खुर्चीत बसायची, तो समोर सतरंजीवर. तो एक वाक्य म्हणायचा, तिने ते परत म्हणायचं. वाक्यं त्याने स्वतः लिहून आणलेली. 'मला कंटाळा आलाय.' 'दार कोण वाजवतंय?' 'ही भाजी मला अजिबात आवडत नाही.' त्याची बोलायची तऱ्हा मजेदार होती. 'अजिबात'मधला 'जि' ठासायचा, आणि 'नाही' असं म्हणायचा की त्यापुढे कुणी बोलायची सोयच राहू नये.

हिमानी नुसते ओठ हलवायची. एकदाही आवाज काढला नाही तिने त्याच्यासमोर. एकदाही नाही. तो गेला, की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि त्या दिवसाची सगळी वाक्यं खरखरत म्हणायची, तो म्हणाला तशीच, कारण दुसरं कसं म्हणायचं ते गळा विसरला होता.

"नुसती कुजबुजली तरी चालेल," तो म्हणायचा. "घाबरतेस कुणाला?"

तुलाच, असं तिचे ओठ म्हणायचे. ते मात्र त्याला वाचता यायचं नाही.

असे पाच आठवडे गेले. होळी आली. पुण्याहून त्याला बोलावणं आलं, काम आवरून लगेच या. सहा महिन्यांतले अजून दोन बाकी होते, पण निनाद म्हणाला, "जावं लागेल वाटतं. तू बोलशील असं वाटलं होतं... पण माझ्यामुळेच अडलं असेल तर मी गेलेलं बरं." दुसऱ्या दिवशीचं तिकीट होतं. निरोप घ्यायला तो चारला यायचा होता.

तीन वाजता हिमानी स्वयंपाकघरात उभी होती. हात पिठाचे, आणि मन थाऱ्यावर नाही. तो गेला, मी न बोलता गेला, तर आयुष्यभर चुटपुट. तो थांबला, मी बोलले आणि मग गेला, तर... ते तर सोसवणारच नाही. रागाने तिने कणकेवर बुक्की मारली आणि खरखरली, "नाही! अजिबात नाही!"

देवघरातून बाबांचा आवाज आला. "या या निनादराव! आज लवकर आलात?"

हिमानीने दाराकडे पाहिलं. निनाद आलेला नव्हता. घरात ती आणि बाबा सोडून कुणी नव्हतं.

तिने पुन्हा म्हणून पाहिलं, हळू. "अजिबात नाही." खरंच की. खरखर तिची होती, पण चाल त्याची. तो ठासलेला 'जि', ते दरवाजा लावून घेणारं 'नाही'. रिकाम्या घरात भाडेकरू येऊन राहावा तसा तो येऊन राहिला होता, तिला न विचारता, रोज चारला थोडा थोडा. आधी तिला भयंकर भीती वाटली. माझं म्हणून काही उरलंच नाही, आणि जो शिरलाय तोही उद्या चालला! मग भीतीतूनच राग आला, आणि रागात ती हात न धुताच गच्चीत जाऊन बसली.

चारला निनाद आला. जिन्यावरून धापा टाकत आला, हातात मिठाईचा पुडा, आणि बोलायचं पाठ करून आलेला.

"मला एवढंच सांगायचंय," तो उभ्याउभ्याच म्हणाला. "त्या दिवशी मी मूर्खासारखं बोललो. रेकॉर्डिंग आहेत म्हणालो. तुझं ऑपरेशन झाल्यापासून मी त्यातलं एकही उघडलेलं नाही. एकदा उघडायला गेलो... आणि वाटलं, ही बोलतेय, पण माझ्याशी नाही बोलत. मला ती नको. मला तू हवी आहेस, गप्प असलीस तरी. बस. आता जातो."

हिमानीचे ओठ हलले. आवाज आला नाही. छाती इतक्या जोरात धडधडत होती की आवाजाला वाट मिळेना. त्याचा चेहरा बघायचा नाही, असं ठरवून तिने डोळे मिटले. मग वाटलं, नाही, बघायचाच. जे व्हायचं ते समोर होऊ दे.

"जायचं नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."

निनादचा चेहरा उतरला. ती बघत होती. उतरला, पांढरा पडला, मग कपाळावर आठी आली. संपलं, असं तिला वाटलं.

"हे..." तो चाचरला, "हे असं तर मी म्हणतो."

"तुझंच आहे. माझ्या गळ्यात राहून गेलंय. जाताना घेऊन जा... नाहीतर इथेच राहा." इतकं लांब वाक्य महिन्याभरात ती पहिल्यांदा बोलत होती. मधे दोनदा आवाज फाटला. "कसा आहे आवाज? खरं सांग."

तो तिच्यासमोर सतरंजीवर बसला. डोळ्यांत पाणी होतं. "खरं सांगू? भीती वाटण्यासारखा आहे."

"मग?"

"मग रोज ऐकायला हवा. सवय झाली की भीती जाईल. माझीही, तुझीही."

"परत आला तरी पहिल्यासारखा नसेल. डॉक्टरांनाही माहीत नाही. आणि त्यात बाबा असतील, आत्या असेल, वरून आता तू. माझं निव्वळ असं काही मिळायचं नाही तुला."

"नको मला निव्वळ."

"चालेल असला?"

"बिल्कुल," निनाद म्हणाला.

आणि स्वतःच दचकला. पुण्याचा हा माणूस, 'नक्की' म्हणणारा, 'अर्थात' म्हणणारा, 'बिल्कुल' म्हणाला होता, तोही ब्रह्मा घाटावरच्या हेलात, मान किंचित तिरपी करून. हिमानी हसली. खरखरीत, फाटकं हसू होतं, खालच्या गल्लीतून जाणाऱ्या दोघांनी मान वर करून पाहिलं. मग ती तितक्याच सहज रडू लागली आणि पिठाच्या हाताने तिने त्याचा हात धरला.

भीती गेली नव्हती. नस जागी होईल की नाही, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं, आणि मफलरखालचा व्रण बोलताना ओढला जात होता. निनादने उद्याचं तिकीट रद्द करायला मोबाईल काढला. एका हाताने त्याला ते जमेना, दुसरा हात ती सोडेना, आणि शेवटी बटण कुठलं दाबायचं ते त्याला हिमानीनेच सांगितलं, मोठ्याने.